इंग्रजी क्रियापदे आणि त्यांची सोबती अव्यये

महाराष्ट्रात सन २००० पासून प्राथमिक शाळांतून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. खेड्यातील मुलाच्या कानावर शाळेत जी इंग्रजी वाक्ये सर्वांत आधी पडतात, ती ‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘कम इन’ ही होत. ही वाक्ये मुले थोड्याच दिवसांत आत्मसात करतात. त्यांतील ‘अप’ म्हणजे काय आणि ‘डाउन’ म्हणजे काय, असा प्रश्न त्यांना पडत नाही. परंतु तेच मूल पाचवी-सहावीत गेले आणि त्याच्या वाचनात ‘शी लुक्स आफ्टर हर ब्रदर’ असे वाक्य आले, की त्याची गाडी अडते. ‘लुक’ म्हणजे पाहणे आणि ‘आफ्टर’ म्हणजे नंतर, हे त्याने पाठ केलेले असते. म्हणून ते अर्थ लिहिते : ‘ती आपल्या भावानंतर पाहते.’ वास्तविक अर्थ आहे, ‘ती आपल्या भावाला सांभाळते.’ हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. एकेका शब्दाचा अर्थ लावून बेरीज करावी, अशी जी रीत त्याला लावण्यात आली, तिचेच हे फळ होय.

ही चूक केवळ एका गुणाची असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु औषधाच्या बाटलीवर ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ अशी सूचना छापलेली असते. ज्याला ‘कीप’ म्हणजे ठेवणे आणि ‘चिल्ड्रन’ म्हणजे मुले एवढेच ठाऊक आहे, त्याला त्या सूचनेतून ‘मुलांसाठी ठेवा’ असाही अर्थ काढता येईल. ‘आउट ऑफ’ या दोन लहानशा शब्दांत त्या वाक्याचा प्राण आहे. ‘मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा’ हा अर्थ त्यांच्यामुळे होतो. ‘कीप अवे फ्रॉम’ म्हणजे ‘पासून दूर ठेवा’, येथेही तोच प्रकार. घरात इंग्रजी अक्षरे वाचू शकणारे एकटे शाळकरी मूलच असेल, तर अशा वेळी सारे घर त्याच्याकडे पाहते. म्हणून क्रियापदांमागून येणाऱ्या या लहान शब्दांचा विचार शिक्षकांनी नीट केला पाहिजे.

१. अव्यय कोणाचे?

क्रियापद आणि अव्यय मिळून एकच अर्थ देणाऱ्या या जोडीस इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेजल व्हर्ब’ असे म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे हे नाव रूढ झाले. प्रस्तुत लेखात तिला ‘अव्यययुक्त क्रियापद’ म्हटले आहे.

ही कल्पना मराठी शिक्षकास सर्वस्वी नवी नाही. ‘तो झाडावर चढला’ आणि ‘तो वर चढला’ ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्या वाक्यात ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय असून ते ‘झाड’ या नामाला चिकटले आहे. दुसऱ्या वाक्यात तेच ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय असून ते ‘चढला’ या क्रियापदाकडे धाव घेते. शब्द तोच, पण त्याचा धनी बदलला. मराठीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहिले जाते. इंग्रजीत मात्र सर्व शब्द सुटे लिहिले जात असल्यामुळे ‘अप’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘इन’ हे शब्द मागील क्रियापदाचे की पुढील नामाचे, हे केवळ पाहून कळत नाही.

उदाहरणार्थ, ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे ‘तो टेकडीवर धावत गेला’, तर ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे ‘त्याने उधारी वाढवून ठेवली’. दोन्ही वाक्यांत एकाच अक्षराचा फरक. परंतु पहिल्यात ‘अप’ हे टेकडीचे आहे आणि दुसऱ्यात ते ‘रॅन’चे आहे. बिलावर धावत जाणारा मनुष्य कोणी पाहिलेला नाही. तेव्हा वाक्य समोर आले असता शिक्षकाने प्रथम विचारावे : हे अव्यय कोणाचे? नामाचे, की क्रियापदाचे?

२. अर्थाच्या तीन पायऱ्या

अव्यययुक्त क्रियापदांच्या अर्थाच्या स्थूलमानाने तीन पायऱ्या कल्पिता येतात.

पहिल्या पायरीवर दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ कायम असतो. ‘सिट डाउन’, ‘गो आउट’, ‘कम बॅक’ ही या पायरीची उदाहरणे. येथे बेरीज बरोबर येते.

दुसऱ्या पायरीवर क्रियापदाचा अर्थ राहतो. परंतु अव्यय दिशा न दाखविता क्रियेची पूर्तता, वाढ, सातत्य असे काही सुचविते. ‘ईट अप’ यातील ‘अप’ वर नेत नाही; ते ‘संपवून टाक’ असे सुचविते. ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ हेही तसेच. ‘स्पीक अप’ म्हणजे मोठ्याने बोल, ‘स्पीड अप’ म्हणजे वेग वाढव. ‘रीड ऑन’ म्हणजे पुढे वाचत राहा. ‘डाय आउट’ म्हणजे नामशेष होणे.

या पायरीचा उलगडा मराठीच्या साह्याने फार चांगला होतो. मराठीतील संयुक्त क्रियापदे हेच काम करतात. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे. ‘खाऊन टाक’ म्हटल्यावर कोणी अन्न फेकून देत नाही. ‘टाकणे’ या क्रियापदाने स्वतःचा अर्थ सोडून क्रिया पुरी करण्याचा भाव पत्करला आहे. जे काम मराठीत ‘टाकणे, जाणे, घेणे, ठेवणे’ ही साहाय्यक क्रियापदे करतात, तेच इंग्रजीत पुष्कळ ठिकाणी अव्यये करतात. ‘राइट डाउन’ यास तर मराठीत हुबेहूब प्रतिशब्द आहे. फळ्यावरील मजकूर वहीत ‘उतरवून घ्या’ असे शिक्षक रोज सांगतो. त्यातील ‘उतरविणे’ आणि इंग्रजीतील ‘डाउन’ यांची दिशा एकच आहे.

तिसऱ्या पायरीवर दोन्ही शब्द मिळून तिसराच अर्थ उत्पन्न होतो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘टर्न अप’ म्हणजे उगवणे, अर्थात हजर होणे. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. येथे बेरीज चालत नाही. जोडी एकच शब्द समजून शिकावी लागते. परंतु हेही मराठीत आहेच. ‘तो घरची शेती पाहतो’ असे म्हटल्यावर तो बांधावर उभा राहून नुसता बघत असतो, असे कोणी समजत नाही. तो शेतीचा सांभाळ करतो असाच अर्थ घेतला जातो. ‘पाहणे’ येथे जे करते, तेच ‘लुक आफ्टर’मध्ये ‘लुक’ करते. भूक लागते, आग लागते, डोळा लागतो, गावाचा रस्ता लागतो. या प्रत्येक ठिकाणी ‘लागणे’ निराळे आहे. सोबतीने क्रियापदाचा अर्थ पालटतो, ही गोष्ट मराठी मूल न शिकविता जाणत असते. इंग्रजी शिकविताना त्या जाणिवेला हाक मारावयाची, इतकेच.

एकच जोडी निरनिराळ्या ठिकाणी निराळा अर्थ देते, हेही लक्षात ठेवावे. ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला. परंतु ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला. एके ठिकाणी बंद होणे, दुसरीकडे सुरू होणे. तसेच अव्यय उलट केल्याने अर्थ उलट होईलच असे नाही. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे. परंतु अंगातून काढणे यास ‘पुट ऑफ’ म्हणत नाहीत, ‘टेक ऑफ’ म्हणतात. मराठीतही ‘घालणे’ याच्या उलट ‘काढणे’ हे स्वतंत्र क्रियापदच येते.

३. उपसर्गांचे उदाहरण

ज्या शिक्षकांना संस्कृताचा थोडा परिचय आहे, त्यांना हा विषय उपसर्गांच्या द्वारे अधिक स्पष्ट होईल. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द झाले. धातू एक, उपसर्ग निरनिराळे आणि अर्थ परस्परांपासून कोसांवर. उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, याविषयी प्राचीन आचार्यांतही मतभेद होता. यास्काने निरुक्तात ही दोन्ही मते नोंदविली आहेत : सुट्या उपसर्गांना अर्थ नाही, असे शाकटायनाचे म्हणणे, त्यांना विविध अर्थ असतात, असे गार्ग्याचे. ‘अप’ आणि ‘आउट’ यांच्याविषयी आज तोच प्रश्न विचारता येतो, आणि वर सांगितलेल्या पायऱ्या पाहिल्या असता दोन्ही आचार्य आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत असे दिसते.

आणखी एक साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी व त्याला जोडूनच येतो. वैदिक भाषेत मात्र तो धातूच्या नंतरही येऊ शकतो आणि दोहोंच्या मध्ये इतर शब्दही येऊ शकतात. पाणिनीने याची स्वतंत्र नोंद केली आहे. इंग्रजीतील ‘टेक युवर शूज ऑफ’ या वाक्यात ‘टेक’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये पादत्राणे येऊन बसतात, त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

४. इंग्रजीत हे कसे आले?

प्राचीन इंग्रजीतही अशी अव्यये बहुधा क्रियापदाच्या आधी जोडली जात. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’, ‘अपहोल्ड’ हे शब्द त्या रीतीचे अवशेष होत. पुढे अव्यय क्रियापदामागे सुटे येण्याची रीत बळावली. आज दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात आणि क्रम बदलला की अर्थही बदलतो. ‘लुक ओव्हर’ म्हणजे तपासून पाहणे, तर ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणे किंवा काणाडोळा करणे. वह्या तपासणाऱ्याने हा भेद जरूर जाणावा.

सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषेतून आणि पुढे लॅटिनमधून असंख्य शब्द इंग्रजीत आले. त्यामुळे एकाच क्रियेला दोन शब्द झाले : एक घरगुती, दुसरा विद्वानांचा. ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’, ‘पुट आउट’ आणि ‘एक्स्टिंग्विश’, ‘पुट अप विथ’ आणि ‘टॉलरेट’ या अशा जोड्या होत. मराठीतील ‘आग विझविणे’ आणि ‘अग्निशमन’, ‘पुढे ढकलणे’ आणि ‘स्थगित करणे’ यांसारखेच हे नाते आहे. गंमत अशी की, ‘पोस्टपोन’ या लॅटिन शब्दाची फोड केली तर ‘नंतर ठेवणे’ असाच अर्थ निघतो. विद्वान शब्दाच्या पोटातही क्रियापद आणि अव्यय दडलेले आहे.

आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून येत असल्यामुळे शिकलेल्या मनुष्यास ‘एक्स्टिंग्विश’ ठाऊक असते. पण ‘पुट आउट द फायर’ ऐकले की तो क्षणभर थबकतो. इंग्रज मुलाची स्थिती नेमकी उलट असते. सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच परकीयांना या जोड्या सर्वाधिक अवघड जातात असे नमूद केले होते. सी. के. ऑग्डेन याने १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ नावाची ८५० शब्दांची सुलभ इंग्रजी योजना मांडली. तीत क्रियापदे अवघी १८ ठेविली होती. बाकीच्या क्रियापदांचे बहुतेक काम या थोड्या क्रियापदांना अव्यये जोडून करावे, अशी कल्पना होती. शब्द थोडे झाले खरे. परंतु प्रत्येक जोडीचा अर्थ नव्याने शिकण्याचा भार शिकणाऱ्यावर पडला. शब्दसंख्या कमी म्हणजे भाषा सोपी, असे समीकरण मांडता येत नाही.

५. वाक्यातील जागा

वाक्यरचनेच्या दृष्टीने शिक्षकाने पुढील चार प्रकार ओळखावेत.

(अ) कर्म नसलेले : ‘गेट अप’, ‘गो अवे’. यात अडचण येत नाही.

(आ) कर्म असलेले व सुटे होणारे : ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु कर्माच्या जागी सर्वनाम आले, तर ते मध्येच आले पाहिजे : ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ हे अशुद्ध होय.

(इ) कर्म असलेले व सुटे न होणारे : ‘लुक आफ्टर द बेबी’, ‘लुक आफ्टर हर’, ‘लुक फॉर इट’. येथे सर्वनामही अव्ययानंतरच येते.

(ई) दोन अव्ययांचे : ‘पुट अप विथ’, ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘रन आउट ऑफ’. ही तिन्ही पदे नेहमी एकत्र राहतात.

वरील टेकडी आणि उधारी यांचा भेद याच कसोटीवर उतरतो. टेकडीसाठी ‘रॅन अप इट’ आणि उधारीसाठी ‘रॅन इट अप’ असे होते.

उच्चारातही हा भेद ऐकू येतो. ‘टेक इट ऑफ’ यात जोर ‘ऑफ’वर पडतो, तर ‘लुक ऍट इट’ यात तो ‘लुक’वर. जोडीचे नाम झाले की जोर पहिल्या भागावर सरकतो. ‘चेकअप’, ‘बॅकअप’, ‘टेकऑफ’ ही नामे म्हणून पाहावीत.

६. मराठी मुलांच्या नेहमीच्या चुका

काही चुका मराठी वाक्यरचनेतूनच उद्भवतात. ‘मी गाणे ऐकतो’ यात ‘गाणे’ हे सरळ कर्म आहे. म्हणून मुले ‘लिसन साँग’ लिहितात व ‘टू’ विसरतात. ‘माझी वाट पाहा’ यावरून ‘वेट मी’ होते. तेथे ‘वेट फॉर मी’ हवे. उलटपक्षी, ‘विषयी चर्चा करणे’ यातील ‘विषयी’ मनात असल्यामुळे ‘डिस्कस अबाउट’ असे नको असलेले अव्यय घुसते. ‘पंखा बंद कर’ यावरून ‘क्लोज द फॅन’ होते. इंग्रजीत दार ‘क्लोज’ करतात, पंखा ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ करतात. अशी चूक आढळल्यास नुसती फुली न मारता, मराठी वाक्यातून ती कशी उगवली हे मुलास दाखवावे. कारण कळलेली चूक पुन्हा होण्याचा संभव कमी असतो.

७. वर्गात काय करावे

पहिली व दुसरीत नियम मुळीच सांगू नयेत. ‘पुट अप युवर हँड्स’, ‘टेक आउट युवर बुक्स’, ‘पिक अप द चॉक’, ‘पुट इट बॅक’ अशा आज्ञा शिक्षकाने द्याव्यात आणि मुलांनी कृती करावी. पुढे मुलांनीच परस्परांस आज्ञा द्याव्यात. याला साहित्य लागत नाही. एक खडू आणि एक दप्तर पुरते. ‘पिक इट अप’ हे शंभर वेळा ऐकलेल्या मुलाला सर्वनामाची जागा पुढे शिकवावी लागत नाही.

तिसरी-चौथीत मुलांच्या अनुभवातील शब्द गोळा करावेत. ‘रन आउट’, ‘ऑल आउट’, ‘फॉलो ऑन’ हे क्रिकेटचे शब्द, ‘लॉग इन’, ‘स्विच ऑफ’, ‘चेकअप’, ‘लॉकडाउन’ हे व्यवहारातील शब्द खेड्यातही रुळले आहेत. यांतूनच पुढे जाता येते. मात्र ‘वुई हॅव रन आउट ऑफ सॉल्ट’ याचा अर्थ ‘घरातले मीठ संपले’ असा आहे. मीठ धावचीत झालेले नाही, हे सांगितले की वर्ग हसतो आणि अर्थही कायमचा स्मरणात राहतो.

पाचवीपासून वाचनात येणाऱ्या जोड्या वहीत उतरवून घेण्याची सवय लावावी. जोडी एकटी न लिहिता पूर्ण वाक्यासह लिहावी व समोर मराठी वाक्य लिहावे. ‘लुक’ची दहा रूपे एकाच दिवशी फळ्यावर मांडण्याचा मोह टाळावा, ‘लुक फॉर’, ‘लुक आफ्टर’, ‘लुक इंटू’ एकदम दिली असता मुले ती एकमेकांत मिसळतात. प्रसंगाने एकत्र येणाऱ्या जोड्या द्याव्यात : सकाळचा दिनक्रम सांगताना ‘वेक अप’, ‘गेट अप’, ‘पुट ऑन’, प्रवास सांगताना ‘गेट ऑन’, ‘गेट ऑफ’, ‘सेट आउट’. आठवड्यास चार-पाच जोड्या पुष्कळ झाल्या.

प्रश्न विचारताना ‘अप म्हणजे काय?’ असे विचारू नये. ‘या वाक्यात गिव्ह अप म्हणजे काय?’ असे विचारावे. शिक्षकाच्या प्रश्नात जोडी तुटली, तर मुलाच्या मनातही ती तुटते.

अधूनमधून औषधाची रिकामी वेष्टने, बी-बियाण्यांच्या पिशव्या, विजेच्या उपकरणांवरील सूचना वर्गात वाचावयास द्याव्यात. ‘कीप ऑफ’, ‘कीप आउट’, ‘कीप अवे फ्रॉम’, ‘कीप ऑन’ या चार जोड्यांत ‘कीप’ एकच आहे. परंतु पहिल्या तीन माणसाला थांबवितात आणि चौथी त्याला पुढे चालू ठेवावयास सांगते. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र ‘कीप’ या शब्दाने वाचणाऱ्याचे रक्षण होत नाही. ‘अवे फ्रॉम’ने होते. इंग्रजीच्या तासात शिकलेली ही जोडी ज्या दिवशी एखादे मूल घरी वाचून दाखवील आणि तो डबा फडताळाच्या वरच्या फळीवर जाईल, त्या दिवशी तो तास सार्थकी लागला असे समजावे.